बिनकाट्याची माशी

मार्च उलटला की उजनीचं पाणी रोज थोडं थोडं मागे हटतं. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या इंदापूर तालुक्यातल्या काठांवर उघड्या पडलेल्या गाळात मग ताटाएवढे गोल खळगे दिसू लागतात. पक्षी पाहायला आलेल्यांच्या दुर्बिणी रोहितांवर खिळलेल्या असतात, त्यामुळे या खळग्यांकडे फारसं कुणी बघत नाही. ही चिलापी माशाची घरटी. नर ती तोंडानं उकरतो आणि वर पहारा देतो. मादी येते, अंडी घालते, ती तोंडात भरून घेते आणि निघून जाते. पहाऱ्यावरचा नर हद्दीत शिरेल त्याच्या अंगावर धावतो. दुसरा नर असो, किडा असो, नाहीतर दोऱ्याला बांधलेलं कोंबड्याचं पीस असो.

पीस बांधलेल्या त्या दोऱ्याला गळच नसेल तर? फ्लाय फिशिंग करणाऱ्यांत असे काही लोक आहेत. माशी तयार करायची आणि पकडीनं गळाचा वाक कापून टाकायचा. मासा वर येतो, माशी तोंडात घेतो, फसवणूक कळली की थुंकतो. खेळ तिथेच संपतो. ऐकणाऱ्याला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. मला तो तसा वाटत नाही, आणि भीमेच्या खोऱ्यात तर मुळीच परका वाटत नाही.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्याकडे गळाला दानवं किंवा कणकेची गोळी लावतात, वर शिसं बांधतात आणि भिरकावतात. वजन पुढे जातं, दोरी त्याच्यामागे. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं असतं. रेशमी दोऱ्यानं पिसं गुंडाळून केलेल्या माशीला वजन जवळजवळ नसतंच, वजन असतं दोरीला. छडी मागे झुकवायची, दोरी पाठीमागे हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायची. थांबणं चुकलं की सगळा गुंता खांद्यावर. नवशिक्याचे पहिले काही दिवस गुंता सोडवण्यातच जातात. मग पाण्यावर सध्या कोणता किडा उडतोय, मासा तळाशी खातोय की वर, सावली कुठे पडतेय, हे वाचायला शिकावं लागतं. यातल्या कशालाही गळ लागत नाही. गळ लागतो तो फक्त शेवटच्या क्षणाला.

ही विद्या जुनी आहे. इसवी सनाच्या 200च्या आसपास ईलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या कोळ्यांचं वर्णन केलं आहे. ते गळाला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या मानेखालची दोन पिसं जोडत. इंग्लंडात 1496 साली छापलेल्या एका ग्रंथात बारा प्रकारच्या माश्या कशा बांधायच्या ते दिलं आहे. तेव्हा मासा घरी नेऊन खाणं गृहीतच होतं. तो सोडून द्यावा हा विचार खूप उशिरा आला. अमेरिकेतल्या ली वुल्फ यांनी 1939 साली आपल्या पुस्तकात असा मुद्दा मांडला की खेळाच्या माशाचं मोल एकदाच पकडून संपवण्यापेक्षा जास्त आहे. तिथून 'पकडा आणि सोडा' हे जगभरच्या छंदी मासेमारांचं ब्रीद झालं.

त्या ब्रीदाला पुढे विज्ञानानं टोचलं. ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं की ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा जाणणाऱ्या चेतापेशी असतात. ओठाला दाहक द्रव्य टोचलेले मासे तळच्या खड्यांवर तोंड घासत राहिले. नेदरलँड्समध्ये बॉयकेमा यांनी 1970च्या सुमारास कार्प माशांवर प्रयोग केले होते. एकदा गळाला लागलेला कार्प पुढे जवळजवळ वर्षभर गळ टाळतो, असं त्यांना आढळलं. आपले रोहू, कटला आणि महासीर याच कार्पच्या कुळातले. स्वित्झर्लंडनं तर सोडून देण्याच्याच इराद्यानं मासा पकडायला कायद्यानं मनाई केली. खायचा असेल तर पकडा, गंमत म्हणून टोचू नका, असा त्यामागचा रोकडा हिशेब.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातले ली स्पेन्सर यांनी त्यावर स्वतःपुरतं उत्तर शोधलं. नॉर्थ अम्पक्वा नदीला मिळणाऱ्या स्टीमबोट ओढ्यात एक थंड डोह आहे. उन्हाळ्यात समुद्रातून चढून आलेले स्टीलहेड मासे तिथे शेकड्यांनी आसरा घेतात. चोरट्यांनी पूर्वी तिथे सुरुंग लावून मासे मारले होते, म्हणून स्पेन्सर कुत्र्याला सोबत घेऊन वर्षानुवर्षं त्या डोहावर राखणीला बसले. 2017 साली त्यांचं त्या अनुभवावरचं पुस्तक आलं. स्वतः नदीवर जाताना ते टोक मोडलेल्या माश्या वापरत. मासा माशीवर येतो तो क्षणच त्यांना हवा होता. सुरुंगाचं सांगितलं की आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावावं लागत नाही. आपल्या नद्यांतही जिलेटिन फुटलं आहे, ब्लीचिंग पावडर पडली आहे.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 साली इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. बऱ्याच माशांना त्यांनी काठावरच्या लोकांच्या तोंडी असलेलीच नावं दिली. नुक्ता, शिंगटी, खुद्री ही त्यांतलीच. यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर, टॉर खुद्री. त्याचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. तेच पाणी पुढे भीमेत मिसळून दौंडवरून भिगवणला येतं आणि खाली नीरा-नरसिंहपूरला नीरेला भेटतं. महासीर हा माशीवर झेपावणारा मासा. 1873 साली आलेल्या 'द रॉड इन इंडिया' या पुस्तकात हेन्री सलिव्हन थॉमस या सनदी अधिकाऱ्यानं त्याला अशी काही प्रतिष्ठा दिली की पुढच्या गोऱ्या साहेबांनी नदी-नदी पालथी घातली.

आज इंदापूरच्या पाण्यात छडी घेऊन महासीर शोधणं म्हणजे वेळ घालवणं. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं आणि वाहती भीमा सुमारे 117 टीएमसीचा संथ जलाशय झाली. महासीरला अंडी घालायला स्वच्छ वाहतं पाणी आणि तळाला खडी लागते. इथे तळाला गाळ आहे, आणि पुणे-पिंपरीचं सांडपाणीही येतं. रोहू-कटल्याला पुराचं वाहतं पाणी हवं असतं, म्हणून त्यांचं बीज सोडावं लागतं. ज्याच्या काठाची रेघ रोज सरकते अशा जलाशयात तळावर अंडी ठेवणाऱ्याचं अवघडच. चिलापीची मादी मात्र अंडी तोंडात घेऊन पाण्याबरोबर मागे सरते. 1952 साली भारतात आणलेला हा परदेशी मासा उजनीत का माजला, याचं अर्धं उत्तर त्या खळग्यांतच आहे.

महासीरला दुसरा आधार मिळाला लोणावळ्यात. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी 1970च्या दशकात टाटांच्या वळवण तलावाशी या माशाचं कृत्रिम प्रजनन साधलं. तिथली पिल्लं पुढे देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. त्यातून एक पेच उभा राहिला. कावेरीचा स्वतःचा वशिंडवाला महासीर होता. 2018 मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचं निश्चित झालं आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. लोणावळ्याच्या पाहुण्यानं त्याची जागा घेत नेली, हे कळलं कशावरून? गालिबोरे इथल्या छंदी मासेमारांनी 1998 ते 2012 या काळात ठेवलेल्या पकडीच्या नोंदींवरून. पकडून, ओळखून, लिहून, सोडून दिलेले मासे. बिनकाट्याच्या माशीविरुद्धचा मला सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप हाच. हातात न आलेल्या माशाची नोंद कशी करणार? पाण्यात भोवरा उठला एवढंच तुम्ही लिहू शकता.

तरीही मासा न पकडता त्याच्याशी नातं ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. देहूला इंद्रायणीच्या डोहात मासे धरत नाहीत. महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे मासे म्हणून महासीर राखले गेले आहेत. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पृष्ठभागावर घुसळण करतात. तिथे उभं राहून ती गर्दी पाहणाऱ्याला जो आनंद होतो, त्याच जातीचा आनंद स्पेन्सर यांना होत असणार. फरक एवढाच की डोहावर मासा आपणहून येतो आणि नदीवर त्याला भुलवावं लागतं, त्यासाठी कसब लागतं.

उजनीवर या कसबाला कितपत जागा आहे? हे पाणी मुळात भोई आणि इतर मासेमारांच्या पोटाचं आहे. पहाटे जाळी निघतात, माल भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात लिलावाला जातो, बारामतीकर रविवारी भिगवणला गाडी काढतात ते ताटातल्या माशासाठी. ज्याच्या जाळ्यात कटल्याऐवजी काटेरी कवचाचा सकर मासा येतो आणि जाळं फाडतो, त्याला बिनगळाची माशी दाखवली तर तो हसेल, आणि त्यानं हसावंच. त्याच्या पकडीवर नैतिकतेचा शेरा मारायचा अधिकार छंदी माणसाला नाही. पण हौशी माणसानं गळ लावून चिलापीचा पहारेकरी ओढून काढण्यात तरी काय आहे? तो भुकेनं झेपावलेलाच नसतो. मादी गळाला लागली तर झटापटीत तोंडातली पिल्लं बाहेर पडतात. परका मासा कमी झाला तर बरंच, असं कुणी म्हणेल. मग त्यानं सरळ जाळं लावावं आणि कालवण करावं, छडीचं नाटक कशाला? हौसच करायची तर ती बिनकाट्याची असावी, एवढं माझं म्हणणं. चिलापी माशीवर एकदा येते, पुन्हा येते, टोचलेलं नसल्यामुळे तिसऱ्यांदाही येते. तिची हद्द नेमकी किती हातांची आहे हे अशा वेळी मोजता येतं, आणि ही नोंद गळवाल्याला मिळत नाही.

कुणाला करून पाहायचंच असेल तर छडी पाच-सहा नंबरच्या दोरीची पुरते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की दोरी तोंडावर येते, म्हणून सकाळची वेळ धरावी. उघडा गाळ वरून सुकलेला दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. स्थानिक नावाड्याला विचारल्याशिवाय काठावरून खाली उतरू नये. जाळ्यांची बुचं दिसतील तिथून लांब राहावं आणि रोहितांच्या थव्याकडे दोरी फेकू नये. मासेमारीचा परवाना लागतोच. गळ नसला तर लागतो का, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. विचारून घ्यावा.