शंभर भागिले अंतर

आत्याचा फोन आला तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला दीड महिना झाला होता. डाव्याचं आधीच झालेलं. आवाज पडलेला होता. "अरे, पैसे पाण्यात गेले बघ. दोन्ही डोळ्यांना मायनस नंबर निघालाय. आणि वाचायचा नवा चष्मा लावून ज्ञानेश्वरी उघडली, तर पार तोंडाशी धरावी लागते."

डोळ्यांचे नंबर काढणं हे माझं रोजचं काम. मोतीबिंदूनंतरची ही निराशा मी अनेक घरांतून ऐकली आहे. आत्याला मी दोनच गोष्टी करायला सांगितल्या. नंबराच्या कागदाचा फोटो पाठव, आणि पोथी नेमकी किती अंतरावर स्पष्ट दिसते ते फूटपट्टीने मोज. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हे सांगणं सोपं होतं.

फोटो आला. उजवा डोळा : स्फेरिकल −०.५०, सिलिंड्रिकल −१.००, ॲक्सिस ९०, ॲड +२.५०. पुढे ६/६ आणि एन ६. डाव्या डोळ्याचे आकडेही तसेच. खाली आत्याचं मोजमाप : २८ सेंटिमीटर.

चूक कुठे झाली होती, ते त्या शेवटच्या आकड्यानेच सांगितलं. पण त्याआधी कागद नीट वाचायला हवा.

ऑपरेशननंतरही नंबर का उरतो?

चष्म्याचा नंबर हे गुण नव्हेत, अंतराचं माप आहे. त्याचं एकक डायॉप्टर. फर्दिनां मोनोये या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने १८७२ साली ते सुचवलं. हिशेब असा : शंभराला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा. एक नंबरचं भिंग दुरून येणारे किरण १०० सेंटिमीटरवर एकत्र आणतं, दोन नंबरचं ५० वर, अडीचचं ४० वर. उलट बाजूने पाहिलं, तर मायनस एक नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय एक मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, त्यापलीकडचं पुसट.

आमच्या आजोबांच्या पिढीत मोतीबिंदू झालेलं भिंग काढून टाकत आणि त्या जागी काहीच बसवत नसत. मग +१० च्या आसपासचा जाड चष्मा जन्मभर नाकावर बसे. वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसत, पायरीचा अंदाज चुके. डोळ्याच्या आतच भिंग बसवण्याची वाट हॅरल्ड रिडली या इंग्रज शल्यविशारदाने उघडली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेल्या कॉकपिटच्या पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कपच्या डोळा सहन करतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याने पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. त्या पहिल्या रुग्णाचा नंतरचा नंबर मात्र वीसच्या आसपास मायनस निघाला. नैसर्गिक भिंगाचा आकार गिरवला होता, पण पर्स्पेक्स प्रकाशाला त्याहून जास्त वाकवतं.

तिथून आज आपण अर्ध्या-पाऊण नंबरापर्यंत आलो आहोत. ऑपरेशनआधी यंत्रावर हनुवटी टेकवून जी मापं घेतात, त्यांत डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई महत्त्वाची. डोळ्याची लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटर. तिच्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर सुमारे अडीचने हुकतो. शिवाय आतली भिंगं बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने मिळतात, आणि जखम भरताना भिंग किंचित पुढे बसेल की मागे, हे आधी अचूक सांगता येत नाही. म्हणून ठरवलेल्या नंबरापासून अर्धा इकडे-तिकडे हा चांगला निकाल धरतात. अनेक शल्यविशारद मुद्दाम थोडा मायनस ठेवतात, कारण चुकून प्लस राहिला तर चष्म्याशिवाय लांबचं आणि जवळचं, दोन्ही पुसट होतं.

डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेला +२१.० असा आकडा पाहून काही जण घाबरतात. तो आत बसवलेल्या भिंगाचा नंबर असतो, चष्म्याचा नव्हे. ते कार्ड जन्मभर जपून ठेवा.

एकेक रकाना

स्फेरिकल म्हणजे सगळ्या दिशांनी सारखा नंबर. सिलिंड्रिकल म्हणजे एकाच दिशेचा. बुबुळ चेंडूसारखं सारखं गोल नसून अंड्यासारखं एका अंगाने चपटं असलं, की हा नंबर येतो. ऑपरेशनच्या छेदानेही बुबुळाची गोलाई थोडी बदलते. मोतीबिंदूच्या फेको पद्धतीत छेद तीन मिलिमीटरच्या आत असतो, शिबिरांमधून सर्रास होणाऱ्या बिनटाक्याच्या पद्धतीत तो सहा मिलिमीटरच्या आसपास असतो. वरच्या बाजूने घेतलेल्या अशा छेदामुळे बुबुळ उभ्या दिशेत थोडं चपटं होतं, आणि कागदावर आत्यासारखा ९० ॲक्सिसचा मायनस सिलिंड्रिकल दिसू शकतो.

ॲक्सिस हा नंबर नाही, कोन आहे. शाळेतला कोनमापक डोळ्यासमोर धरला असं समजा : १८० म्हणजे आडवं, ९० म्हणजे उभं. चष्म्यात हा कोन दहा अंशांनी चुकला, तर सिलिंड्रिकलचा सुमारे एक-तृतीयांश उपयोग वाया जातो, आणि तीस अंशांनी चुकला तर काहीच उपयोग उरत नाही.

एकच नंबर दोन तऱ्हांनी लिहिता येतो, हेही लक्षात असू द्या. आत्याचा −०.५० / −१.०० × ९० कुणी −१.५० / +१.०० × १८० असा लिहील. दोन्ही मांडण्या एकाच चष्म्याच्या आहेत. दोन कागद वेगळे दिसले म्हणून कुणाला खोटं ठरवू नका, हिशेब विचारा.

६/६ म्हणजे निरोगी डोळा सहा मीटरवरून जी ओळ वाचतो, ती तुम्हीही सहा मीटरवरून वाचलीत. ६/१२ म्हणजे बारा मीटरवरून वाचता यावी अशी ओळ वाचायला तुम्हाला सहावर यावं लागलं. हा आकडा चष्म्यासह आहे की चष्म्याशिवाय, ते जरूर विचारा. एन ६ म्हणजे जवळचा बारीक छापा वाचता आला. ऑपरेशनचं यश नंबराच्या रकान्यात शोधू नका, इथे शोधा. आत्याच्या कागदावर चष्म्यासह ६/६ होतं. तिचं ऑपरेशन उत्तम झालं होतं.

घोटाळा 'ॲड'चा

आपलं मूळ भिंग तरुणपणी फुगून जवळचं दाखवतं. बसवलेल्या साध्या भिंगाला ते जमत नाही, म्हणून जवळच्या कामासाठी जास्तीचा नंबर लागतो. तो म्हणजे ॲड. ॲड हा वाचायच्या चष्म्याचा नंबर नव्हे. लांबच्या नंबरात तो मिळवायचा असतो. आत्याचा हिशेब : −०.५० अधिक २.५० म्हणजे +२.००, आणि सोबत तिचा सिलिंड्रिकल.

दुकानात ॲडचा आकडाच नंबर समजून साधा +२.५० चा चष्मा दिला गेला होता. आत्याच्या डोळ्यात सरासरी एक नंबर (स्फेरिकलचा अर्धा आणि एक सिलिंड्रिकलचा निम्मा) आधीच जास्त होता. एक अधिक अडीच म्हणजे साडेतीन. आता शंभर भागिले अठ्ठावीस करून पाहा. साडेतीनच्याच आसपास येतं.

ॲडही अंतरावर ठरतो. ४० सेंटिमीटरवर पोथी धरायची तर अडीच, ३३ वर सुईकाम करायचं तर तीन, ६५ वरच्या संगणकासाठी दीड. म्हणून नंबर काढताना तुम्ही काय काम करता आणि किती अंतरावर, हे आपणहून सांगा. हार्मोनियम वाजवणाऱ्याची सुरावट आणि शिंप्याचा दोरा एका अंतरावर नसतात.

कागद खिशात टाकण्याआधी

पक्का नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. तोवर महागड्या काचा घेऊ नका, वाचण्यापुरता साधा चष्मा चालतो. एका डोळ्याचं झालं आणि दुसऱ्याला मोठा नंबर असला, तर दोन डोळ्यांतल्या प्रतिमा लहान-मोठ्या दिसून गरगरतं. तीनपेक्षा जास्त फरक चष्म्याने सहसा सोसवत नाही. अशा वेळी दुसरं ऑपरेशन लवकर करावं का, हे डॉक्टरांना विचारा.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह घालून जिना उतरताना नजर खालच्या, जवळच्या भागातून जाते आणि पायरी पुसट होते. बाहेर चालायला फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा असलेला बरा. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं, तर आधी डॉक्टरांकडे जा. भिंगामागची झिल्ली गढूळ झाली असेल, तर ती लेझरने मोकळी करतात. नव्या नंबराने ते धुकं जात नाही. डोळा दुखणं, लाल होणं, अचानक कमी दिसणं, वीज चमकल्यासारखं दिसणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आत्याचा चष्मा दुकानदाराने बदलून दिला. तिने पुन्हा फूटपट्टी घेतली : ४० सेंटिमीटर. आता तो कागद तिच्या पोथीतच असतो. ॲडच्या रकान्याखाली तिने लाल शाईत, फळ्यावरच्या वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली आहे : 'जवळचा चष्मा +२.०० / −१.०० × ९०'. तुमच्या कागदावरही अशी ओळ तपासणाऱ्याकडून तिथल्या तिथे लिहून घ्या.