आयनांबराचा ठाव

विहिरीत खडा टाकावा, तो पाण्यात वाजेपर्यंत मनाशी आकडे मोजावेत आणि तिच्या खोलीचा अदमास बांधावा, हा खेळ खेड्यातील मुलांना नवा नाही. वरच्या वातावरणाचा ठाव घेण्याची रीत तत्त्वतः याहून निराळी नव्हे. जमिनीवरून रेडिओ-तरंगांचा एक क्षणिक स्पंद वर सोडावयाचा व त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने परततो ते पाहावयाचे. या तरंगांचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर असतो. म्हणून सेकंदाच्या सहस्रांशात परतणारा प्रतिध्वनी १५० किलोमीटर उंचीवरून आलेला असतो. इतका अल्प काळ मनाशी मोजता येत नाही, एवढीच काय ती अडचण!

हा प्रतिध्वनी देणारा प्रदेश म्हणजे आयनांबर. सूर्याचे जंबुपार व क्ष-किरण तेथील विरळ वायूंच्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. १९२४ साली इंग्लंडमध्ये ॲपलटन व बार्नेट यांनी त्याचे अस्तित्व प्रयोगाने दाखविले. फ्रान्समधून १९२३ साली परतलेले शिशिरकुमार मित्र यांनी कलकत्ता विद्यापीठात हाच विषय हाती घेतला आणि १९३० मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह सुमारे १०० किलोमीटर उंचीवरील ई-थराचा प्रायोगिक पुरावा मिळविला. त्यांचा ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ एशियाटिक सोसायटीने १९४७ साली प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये त्याचे रशियन भाषांतरही झाले. भाषांतरकाराला हा तपशील जरा अधिकच सुखावतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

मित्रांचे १९६३ साली निधन झाले. कोलकात्याजवळ नदिया जिल्ह्यात हरिणघाटा येथे विद्यापीठाचे आयनांबर-केंद्र आहे. तेथे आता ४७५ आकाशकांचे, ५३ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर चालणारे रडार उभे आहे. वाऱ्याच्या खळबळीमुळे स्वच्छ हवेतही घनतेचे बारीक चढउतार होत असतात. त्यांपैकी तरंगलांबीच्या निम्म्या, म्हणजे सुमारे २.८ मीटर आकाराच्या चढउतारांवरून क्षीण प्रतिध्वनी परत येतो. प्रतिध्वनीच्या कंप्रतेत पडलेल्या सूक्ष्म फरकावरून वाऱ्याचा वेग कळतो. कालबैशाखीची वादळे व बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे यांच्या अभ्यासास ही माहिती मोलाची आहे. आयनांबरातील विस्कळीतपणाही हे रडार टिपते.

या दुसऱ्या कामाला येथे विशेष महत्त्व आहे. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही बाजूंस खाली उतरतात आणि उत्तरेकडील त्यांची दाटी नेमकी कोलकात्याच्या आसपास होते. सूर्यास्तानंतर विषुववृत्ताकडे विरळ इलेक्ट्रॉनांचे प्रचंड बुडबुडे उठतात. ते या दाटीपर्यंत पोहोचले, की उपग्रहांकडून येणारे संकेत चांदण्यांप्रमाणे लुकलुकू लागतात, क्वचित तुटतातही. विमाने व जहाजे याच संकेतांवरून आपले स्थान ठरवितात. सौर डागांचे प्रमाण अधिक असलेल्या वर्षी, मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री हा उपद्रव सर्वांत जास्त असतो.