दाण्याची नानकटाई आणि भट्टीची उष्णता

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आठवडाभर आधी गल्लीतल्या भट्टीवर रांग लागायची. घरून मैदा, तूप आणि पिठीसाखर मोजून न्यायची, भट्टीवाल्याने ती मळून पत्र्यावर लावून द्यायची, आणि आपला पत्रा ओळखू यावा म्हणून कडेला नावाची चिठ्ठी ठेवायची. काजू-बदाम परवडत नसल्याने आमच्या घरच्या नानकटाईत दाण्याचे कूट असे. एका वर्षी ती चक्क कडू निघाली. आईने निवडून बाजूला काढलेले काळपट, सुरकुतलेले दाणे आजीने पुन्हा त्यात मिसळले होते. "भट्टीतनं निघालं की सगळं निर्मळ होतं गं," असे तिचे म्हणणे.

हे म्हणणे आजही अनेक घरांत ऐकू येते. भट्टीतली उष्णता पुष्कळ काही करते, पण सगळेच करत नाही. ती काय करते ते आधी पाहू, कारण ते वर्गात करून दाखवता येते.

त्यासाठी १०० ग्रॅम मैदा, भाजून सोललेल्या दाण्यांचे ५० ग्रॅम कूट, ७० ग्रॅम पिठीसाखर, ७० ग्रॅम थिजलेले तूप, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि थोडी वेलदोड्याची पूड घ्यावी. कूट करताना मिक्सर थांबत थांबत फिरवावा. दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. मिक्सर सलग चालवला तर कुटाचा लगदा होतो.

प्रथम तूप आणि साखर परातीत तळहाताने फेसावी. पाचसात मिनिटांत मिश्रण पांढरे व हलके होते, ते हवेच्या बारीक बुडबुड्यांमुळे. तूप पातळ असेल तर हे बुडबुडे टिकत नाहीत. इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. सोडा नवे बुडबुडे तयार करीत नाही; तापल्यावर त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आधीच असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. म्हणजे फेसण्यात केलेला आळस सोडा वाढवून भरून निघत नाही, उलट नानकटाईला साबणासारखी चव येते.

मग मैदा आणि कूट मिसळायचे, पण पाणी घालायचे नाही आणि फार मळायचे नाही. मैद्यातली प्रथिने पाण्यात भिजली आणि मळली गेली की त्यांचे चिवट जाळे बनते. त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळीला ते हवे, नानकटाईला नको. तुपाचा थर पिठाच्या कणांना पाण्यापासून दूर ठेवतो, आणि दाण्यात ग्लुटेन बनवणारी प्रथिने नसल्याने कूट या जाळ्यात खंड पाडते. नानकटाई तोंडात विरघळते ती या दोन कारणांनी. ऑस्ट्रियात नाताळात बदामाची पूड घालून चंद्रकोरीच्या आकाराची बिस्किटे करतात, त्यांचा खुसखुशीतपणाही असाच येतो.

आता भाजणे. ओव्हन असल्यास १६० ते १७० अंश सेल्सिअसवर वीसेक मिनिटे पुरतात. नसल्यास जुन्या कुकरची रिंग व शिटी काढून तळाशी मिठाचा जाड थर पसरावा, त्यावर स्टँड आणि ताटली ठेवावी, व मंद आचेवर अर्धा तास द्यावा. (हे काम शिक्षकांनी स्वतः करावे, कोरडा तापलेला कुकर फार चटका देतो.) आत काय घडते? तूप वितळते, गोळा पसरतो, वायू फुगतो, पृष्ठभाग आधी कोरडा होऊन घट्ट होतो आणि आतून दाब आल्याने त्याला भेगा पडतात. आत थोडाही ओलावा असेपर्यंत मधल्या भागाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. कोरडी झालेली कड आणि तळ मात्र त्याहून बरेच तापतात, म्हणून रंग आधी तिथे येतो.

हा रंग आणि खमंग वास प्रामुख्याने प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि काही शर्करा यांच्यातल्या अभिक्रियेचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली तिचे वर्णन केले. नेहमीची साखर या अभिक्रियेत थेट भाग घेत नाही. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज घेतात. गुळात ती दोन्ही असतात. म्हणून एका ताटलीत पिठीसाखरेच्या आणि गुळाच्या नानकटाया शेजारी शेजारी भाजाव्यात. गुळाच्या कितीतरी आधी तांबूस होतात. तूपाऐवजी लोणी घेतले तरी रंग लवकर येतो, कारण लोण्यात दुधातली शर्करा व प्रथिने शिल्लक असतात.

बाहेर काढलेली नानकटाई मऊ लागते. ती कच्ची राहिली असे समजून पुन्हा भाजू नये. थंड होताना ती आपोआप घट्ट होते.

आता आजीच्या दाण्यांकडे येऊ. ओलसर जागी साठवलेल्या दाण्यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड दूषित होती, आणि तिच्या तपासातूनच हे विष सापडले. दीर्घकाळ पोटात गेल्यास त्याने यकृताचा कर्करोग होऊ शकतो. भट्टीत बुरशी मरते, पण विषाचा रेणू फार टिकाऊ आहे. भाजण्याने त्याचे प्रमाण काही अंशी घटते, नाहीसे होत नाही. नानकटाईच्या जेमतेम शंभर अंशांच्या गाभ्यात तर नाहीच. चवीवरूनही ते ओळखता येत नाही. त्या वर्षीचा कडूपणा बहुधा खवट झालेल्या तेलाचा असावा. तो जाणवला, हे आमचे नशीब.

दाण्याच्या अ‍ॅलर्जीचेही असेच आहे. तिला कारण होणारी प्रथिने भाजल्याने निष्प्रभ होत नाहीत, म्हणून वर्गात हा प्रयोग करण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या घरी विचारून घ्यावे.

निवडणे हाच घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय आहे. तो पूर्ण खात्रीचा नाही, पण बुरशीचा धोका बराचसा सुरकुतलेल्या, रंग बदललेल्या, फुटक्या आणि किडक्या दाण्यांत असतो. दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पाव किलो दाणे मुलांच्या गटांना वाटून निवडायला सांगावे, वगळलेले मोजायला लावावे आणि नंतर सर्वांना हात धुवायला लावावेत. काढलेले दाणे कोंबड्यांना किंवा गाईला मात्र घालू नयेत. गाईच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग रूप बदलून दुधात उतरतो, आणि दूध उकळल्यानेही तो जात नाही. ते दाणे खड्ड्यात पुरून टाकावेत.