न झालेल्या गोलांचा हिशेब

बेळगाव-निपाणीकडच्या मुलांना फुटबॉल म्हणजे गोल, एवढेच ठाऊक. शाळेचा संघ निवडताना मीही तेच पाहिले आणि बचावफळीपुढे उभे राहून वाट अडविणाऱ्या एका अबोल मुलाला वगळले. पहिल्याच सामन्यात आमचे मैदान मध्यभागी उघडे पडले.

शेजारच्या गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज याच जागेवर खेळत असे. २०१९-२० साली एफ. सी. गोवा संघ साखळीत अव्वल ठरला, तेव्हा तो मधल्या फळीत होता. गोल क्वचितच, परंतु जवळच्या साथीदाराकडे चेंडू अचूक पोहोचविणे, हे त्याचे बलस्थान.

अशा खेळाडूची पारख कशी करावी? चेंडू येण्यापूर्वीच तो मान वळवून चौफेर पाहतो काय? संघाने चेंडू गमावताच आपली जागा धरतो काय? दोषही तपासावेत. पुढचा साथीदार मोकळा असताना जो चेंडू आडवाच देतो, तो चढाई मंदावतो. ज्याला उशिरा सुचते, तो फाऊल करून गोलाजवळ फ्री किक ओढवून घेतो.

पुढल्या सामन्यात तो मुलगा संघात होता. गोल त्याने केला नाही. होऊ मात्र दिले नाहीत. गुणपत्रिकेत या गुणाला रकाना नसतो. पालकहो, तो आपणच आखावयाचा असतो.