जालन्याच्या शिवारात फोन कसा पारखावा?

मोबाइल घेताना आपण आधी मेगापिक्सेल विचारतो. माझ्या मते जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासाठी ही कसोटीच चुकीची आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकांची नोंद ई-पीक पाहणी ॲपवरून होते. त्यात शेताच्या ठिकाणीच उभ्या पिकाचा फोटो काढावा लागतो, म्हणून आधी पाहायचं जीपीएस आणि उन्हात दिसणारा स्क्रीन. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन झकास दिसतात. पाच पावलं बाहेर येऊन, ब्राइटनेस पूर्ण वाढवून अक्षरं वाचून बघा. चारशे-पाचशे निट्सचा स्क्रीन दुपारच्या उन्हात फिका पडतो.

कुणी म्हणेल, बोंडअळीचा फोटो सहायक कृषी अधिकाऱ्याला पाठवायचा तर कॅमेरा भारीच हवा. कॅमेरा चांगला हवा हे खरंच, पण तिथे उपयोगी पडतो ऑटोफोकस. पन्नास मेगापिक्सेलचे बहुतेक कॅमेरे चार पिक्सेल जोडून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात आणि व्हॉट्सॲप तोही आकसून पाठवतं. स्वस्त फोनमागची दोन मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्स तर निव्वळ शोभेची. बोंडातली अळी मुख्य कॅमेऱ्यानेच टिपा.

मग साधा फोन का नको? २०१७ च्या जिओफोनमध्ये २.४ इंची स्क्रीन, रेडिओ, पुढे यूट्यूबही होतं आणि बॅटरी काढून बदलता यायची. बॅटरी बदलण्याची ही सोय आजच्या बहुतेक महागड्या फोनांतही नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. मात्र त्याच्या कायओएसवर अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत, त्यामुळे पीक नोंदवायला तो पुरत नाही.