केळी, सेरोटोनिन आणि विसराळूपणा

घरातलं वयस्क माणूस विसरू लागलं की सल्ले सुरू होतात. मुरब्याच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करताना असो की बोईसरच्या बाजारात, हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सेरोटोनिन कमी झालंय, केळी द्या.’

आगाशीची सुकेळी आपल्या पालघर जिल्ह्याची शान, जरूर खावीत. केळ्यात सेरोटोनिन, म्हणजे मज्जापेशींमध्ये निरोप पोहोचवणारं रसायन, असतंही. पण ते पोटातून मेंदूत पोहोचत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला ओलांडता येत नाही. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत बनतं, त्याचीही हीच गत. मेंदू स्वतःपुरतं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनवतो. हे आम्ल मासे, डाळी, अंडी, दूध यांतून मिळतं. रोजच्या जेवणात मासळी असेल तर वेगळं काही खायला नको.

मग स्मृतीशी त्याचा संबंधच नाही का? आहे, आणि तो समुद्रातल्याच एका जिवाने उलगडला. एरिक कँडेल यांनी अ‍ॅप्लिशिया या समुद्री गोगलगाईच्या शेपटीला विजेचे सौम्य झटके दिले. झटका बसला की तिच्या मज्जापेशींच्या जोडांवर सेरोटोनिन स्रवायचं. एका झटक्याने ती थोडा वेळच बिचकायची; थांबून थांबून झटके दिले की जोड वाढायचे आणि बिचकणं कित्येक दिवस टिकायचं. कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं की सेरोटोनिनमुळे उंदरांच्या मज्जापेशींतली ऊर्जानिर्मिती वाढते.

पण म्हणून ‘सेरोटोनिन वाढवा, स्मृती वाढेल’ हे खरं नाही. माणसात त्याचे किमान १४ प्रकारचे ग्राही (त्याचा निरोप टिपणारे पेशींवरचे रेणू) असतात आणि प्रत्येकाचं काम निराळं. त्यातल्या एकाला अडवणाऱ्या आयडॅलोपिर्डीन या औषधाकडून अल्झायमरमध्ये मोठी आशा होती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते निष्प्रभ ठरलं.

सगळ्यात घातक समज मात्र तिसराच: ‘वय झालं, आता असंच चालायचं.’ नैराश्यातही माणूस नावं विसरतो, गप्प बसतो, विचारलं की ‘माहीत नाही’ म्हणतो. घरच्यांना तो स्मृतिभ्रंश वाटतो. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइड मंदावल्यानेही असंच होतं. या तिन्हींवर उपचार आहेत, म्हणून आधी तपासणी हवी. नैराश्याच्या काही गोळ्या सेरोटोनिनवरच काम करतात, पण गुण यायला काही आठवडे लागतात. ‘फरक नाही’ म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. पालघरला डॉक्टरांकडे जाणं लगेच जमत नसेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत मोफत सल्ला मिळतो.