कातड्यात मावलेलं राज्य

एका बैलाच्या कातड्यात किती जमीन मावेल? कोकणातल्या जव्हार संस्थानाच्या मुकणे राजघराण्याचा मूळपुरुष जयबा याने म्हणे हा हिशेब फार चलाखीने मांडला. तेव्हा या डोंगरांवर वारली राजाची सत्ता होती. जयबा महादेव कोळी. त्याने राजाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि ती मिळालीही. मग गड्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, वादीला वादी जोडली आणि सारा मुलूखच त्यात वेढून घेतला!

आता आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, ट्युनिशियाला चला. तिथेही हीच गोष्ट सांगतात. टायर शहरातून पळून आलेल्या एलिसा ऊर्फ डिडो राणीने कातड्याएवढीच जागा मागितली, वाद्या कापल्या, टेकडी वेढली आणि कार्थेज वसवलं. त्या टेकडीचं नाव बिर्सा, आणि ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थच कातडं! ही राणी ट्युनिशियाच्या १० दिनारच्या नोटेवर झळकली आहे. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद आजही कार्थेजलाच आहे.

ही गोष्ट गलबतांवरून कोकणात उतरली, की दोन्हीकडे आपापली सुचली? मला दुसरं जास्त पटतं. जिथे गुरं आणि जमीन हीच दौलत, तिथे बैलाचं कातडं हेच माप कुणालाही सुचावं.

आपल्या जव्हारचा थाटही एखाद्या देशासारखाच होता. संस्थानाचं क्षेत्रफळ ३१० चौरस मैल, म्हणजे सुमारे ८०० चौरस किलोमीटर. आफ्रिकेतला सेशेल्स हा स्वतंत्र देश याहून बराच लहान, साधारण ४५५ चौरस किलोमीटरचा! १९०१ च्या जनगणनेत संस्थानाची लोकसंख्या ४७,५३८ होती. राजाला मान ९ तोफांच्या सलामीचा. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे जव्हारची कालगणनाच वेगळी होती. जयबाचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाकडून 'राजा' हा किताब मिळाला तो दिवस ५ जून १३४३. त्या दिवसापासून संस्थानाने स्वतःचा शक सुरू केला आणि पुढे कित्येक शतकं सरकारी कागदांवर तोच घातला जायचा. शिवरायांचा राज्याभिषेक शक आपण अभिमानाने सांगतो. हा शक त्याच्याही तीनशे वर्षं आधीचा आहे.

गावाजवळच्या शिरपामाळाची गोष्ट जव्हारमध्ये कुणालाही विचारा. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले आणि विक्रमशहा मुकणे यांनी त्यांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला, म्हणून हा शिरपामाळ, असं सांगतात. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९६२ मध्ये हेच राजे भिवंडीतून लोकसभेवर निवडून गेले.

तोफा थंडावल्या, शक कागदांतून गेला. मग आज या मुलखाची खूण कोणती? भिंतीवरचं वारली चित्र! लग्नघरात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढलेला चौक, त्यात पालघाट देवी. या चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसरी खूण तारपा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांचं हे वाद्य मधोमध वाजतं आणि त्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर वळत राहतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा दुधी भोपळा दिल्लीपर्यंत पोचला. तिसरी खूण शेजारच्या मोखाड्याचा बोहाडा. देवांचे आणि राक्षसांचे रंगवलेले मुखवटे चढवून सोंगं रात्रभर नाचतात. पुष्कळ सोंगं पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या घराण्याकडेच चालत आलेली.

गोष्टीत ज्या वारली राजाची जमीन वाद्यांनी वेढली गेली, त्याच्याच लोकांच्या चित्रांमुळे आज जग या डोंगरांना ओळखतं. माझ्या दृष्टीने जव्हारबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

५ जून हा जव्हारचा शक सुरू झाल्याचा दिवस. गुरुजींनो, बाईंनो, त्यानंतर शाळा उघडली की मुलांना वादीची गोष्ट सांगा आणि वर्गाच्या भिंतीवर तिचं वारली चित्र त्यांच्याकडूनच काढून घ्या.